बार्ड टेबलावर फिका पडतोय? आधी हे तपासा

लक्षणं

“ताई, माझा बार्ड काहीच करत नाही.”

नवं कॅम्पेन (अनेक बैठका चालणारी एक गोष्ट) सुरू झालं की तिसऱ्या-चौथ्या रविवारनंतर हा फोन हमखास येतो. मी सांगलीत विश्रामबागला डंजन्स अँड ड्रॅगन्सचं टेबल चालवते: डाइस टाकत, एकेक पात्र होऊन सगळ्यांनी मिळून गोष्ट खेळायची, आणि ती गोष्ट चालवणारी डीएम (डंजन मास्टर) मी. बार्ड हा त्यातला एक क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार: गाण्या-बोलण्यातून जादू करणारा. पोरं-पोरी बदलतात, गोष्ट बदलते, बार्डचं दुखणं मात्र तेच राहतं. त्यामुळे हल्ली मी लगेच इलाज सांगत नाही. आधी विचारते, नेमकं काय होतंय? उत्तरं साधारण अशी येतात.

लढाईत टर्न आला की बार्डवाला शीट वर-खाली चाळत बसतो आणि सगळे ताटकळले की घाईघाईने क्रॉसबो मारून मोकळा होतो. सेशन संपतं तेव्हा बार्डिक इन्स्पिरेशनचे (मित्राच्या रोलला जोडायला बार्ड जो जादा डाइस देतो त्याचे) तिन्ही डाइस जसेच्या तसे शिल्लक. एखादा दिलाच तर घेणारा विसरतो आणि मार बसून गेल्यावर म्हणतो, “अरे, माझ्याकडे होता की!” स्पेल स्लॉट (स्पेल म्हणजे मंत्र, स्लॉट म्हणजे ते टाकायचा कोटा) पहिल्याच लढाईत संपतात, तेही सगळे जखमा भरण्यात. व्हिशस मॉकरीला (टोमणा मारून घायाळ करायच्या स्पेलला) दर वेळी तोच शिळा टोमणा. गावच्या पाटलाशी बोलायचा प्रसंग आला की एकतर बार्ड एकटाच बोलतो आणि बाकीचे फोन काढतात, नाहीतर बार्डच मान खाली घालून बसतो. आणि शेवटचं वाक्य ठरलेलं: “मला गाता येत नाही, मी हा क्लास घ्यायलाच नको होता.”

यातली दोन-तीन जुळत असतील तर पुढे वाचा. तपासण्या सोप्यापासून अवघडाकडे लावल्या आहेत. सुरुवातीच्या तपासण्यांना पैसा लागत नाही आणि बरेचसे बार्ड तिथेच बरे होतात, म्हणून उड्या मारू नका.

बार्ड कुठल्या पुस्तकातला?

हे दोन मिनिटांचं काम, म्हणून पहिलं. पाचव्या आवृत्तीचे नियम २०१४ साली आले आणि २०२४ साली त्यांची सुधारित पुस्तकं निघाली. दोन्हीतले बार्ड सख्खे भाऊ वाटतात, पण सवयी वेगळ्या. २०१४ मध्ये इन्स्पिरेशनचा डाइस दहा मिनिटं टिकतो. डी२० (वीस बाजूंचा डाइस) टाकल्यावर, पण डीएमने निकाल सांगायच्या आत तो वापरायचा असतो. २०२४ मध्ये तो तासभर टिकतो आणि रोल फसल्यावर वापरतात. एक्सपर्टीज (निवडक कौशल्यांना दुप्पट बोनस) जुन्यात तिसऱ्या लेव्हलला, नव्यात दुसऱ्या. व्हिशस मॉकरीचा मार जुन्यात १डी४ (चार बाजूंचा एक डाइस), नव्यात १डी६.

टेबलावर दोघांनी दोन वेगळी पुस्तकं वाचली असतील तर बार्डवाल्याला सारखं कोणीतरी “असं चालत नाही” म्हणून अडवतं. चार वेळा असं झालं की माणूस हात आखडता घेतो. मग सगळ्यांना वाटतं पोरगं लाजाळू आहे. पुस्तक एक करा आणि बघा, निम्मी लाज जाते. आमच्या टेबलावर २०१४ चे नियम चालतात, म्हणून खाली आकडे त्यातलेच दिले आहेत.

फुकटच्या फायलींचाही एक घोळ आहे. २०१४ च्या नियमांची ‘बेसिक रूल्स’ नावाची मोफत फाइल फिरते, तिच्यात फायटर, क्लेरिक, विझर्ड आणि रोग (आम्ही त्याला सरळ ‘चोर’ म्हणतो) एवढे चारच क्लास आहेत. बार्ड नाहीच. मग पोरं व्हिडिओ बघून बार्ड जुळवतात आणि व्हिडिओ कुठल्या आवृत्तीचा ते बघत नाहीत. त्यापेक्षा ‘सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट ५.१’ उतरवून घ्या. जानेवारी २०२३ पासून ते क्रिएटिव्ह कॉमन्सखाली सगळ्यांना खुलं आहे. त्यात बार्ड आहे, कॉलेज (बार्डची उपशाखा) मात्र एकच, कॉलेज ऑफ लोर. पहिल्या बार्डला तेवढं पुरतं.

जुन्या खेळाडूंचा सल्लाही घेताना आवृत्ती विचारा. बार्ड पहिल्यांदा १९७६ साली ‘स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’ या पत्रिकेत आला. १९७८ च्या पुस्तकात तो परिशिष्टात होता, आणि तिथवर पोचायला आधी फायटर, मग चोर, मग ड्रुइडांची शागिर्दी असा द्राविडी प्राणायाम करावा लागायचा. आताचा बार्ड तसा नाही. त्याच्याकडे विझर्डइतकेच स्लॉट असतात आणि तो नवव्या लेव्हलच्या स्पेलपर्यंत पोचतो. “बार्ड म्हणजे सगळं थोडं थोडं, धड काहीच नाही,” असं कोणी ऐकवलं तर मनावर घेऊ नका.

हळकुंडं मांडा

इन्स्पिरेशन शिल्लक राहतं कारण ते डोळ्यांना दिसत नाही. शीटच्या कोपऱ्यात तीन चौकोन असतात, लढाईच्या गडबडीत तिकडे लक्ष कोणाचं जाणार? यावर माझा इलाज हळकुंडाचा. सांगलीत हळदीला तोटा नाही, कोणाच्याही घरी डब्यात चार-पाच हळकुंडं निघतात. बार्डवाल्याच्या पुढ्यात त्याच्या कॅरिस्माच्या (छाप पाडायच्या गुणाच्या) मॉडिफायरइतकी, म्हणजे त्या गुणाच्या बोनसइतकी, हळकुंडं मांडायची. कॅरिस्मा १६ असेल तर तीन. इन्स्पिरेशन दिलं की हळकुंड उचलून त्या माणसाच्या तळहातावर ठेवायचं. त्याने डाइस वापरला की ते डब्यात परत. सुरुवातीला आम्ही खरा डी६ देत होतो, तो बाकीच्या डाइसमध्ये मिसळून जायचा. हळकुंड हाताला खडबडीत लागतं, वास येतो. ते विसरायला होत नाही.

एवढा आटापिटा का? डी६ ची सरासरी ३.५. डी२० वर एक आकडा म्हणजे शंभरात पाच. म्हणजे शंभर रोलमागे साधारण सतरा-अठरा रोल ‘गेला’चे ‘आला’ होतात. तीन डाइस घरी परत नेणारा बार्ड आपल्या मित्रांचे हुकलेले वार घरी घेऊन जातो.

इन्स्पिरेशन द्यायला बोनस अ‍ॅक्शन लागते. ती म्हणजे टर्नमधल्या मुख्य कृतीशिवायची छोटी कृती. समोरचा साठ फुटांत हवा आणि त्याला तुमचा आवाज ऐकू यायला हवा. एकाकडे एका वेळी एकच डाइस राहतो, आणि स्वतःला देता येत नाही. शेवटचा नियम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. लढाईच्या पहिल्याच टर्नला द्या. दार उघडायच्या आधी देता आलं तर आणखी चांगलं, दहा मिनिटं हाताशी असतात. कोणाला? ज्याचं सगळं एका रोलवर टांगलेलं आहे त्याला. चोराचा अख्खा मार बहुधा एकाच वारावर असतो, तो हुकला तर टर्न फुकट. पाचव्या लेव्हलचा फायटर दोनदा मारतो, त्याचा एक हुकला तरी दुसरा असतो.

पाचव्या लेव्हलपर्यंत हे डाइस लाँग रेस्टनंतरच (पात्रांच्या रात्रभराच्या विश्रांतीनंतरच) परत येतात. पाचव्यापासून शॉर्ट रेस्टलाही (तासाभराच्या विश्रांतीलाही) येतात आणि डी६ चा डी८ होतो. पण चार लेव्हल काटकसर केलेल्याचा हात सुटत नाही. मी पाचव्या लेव्हलच्या दिवशी बार्डवाल्याला बजावते, आजपासून जपून वापरणं बंद.

शीटवरचे आकडे

यात फार वेळ घालवायचं कारण नाही. कॅरिस्मा सगळ्यात मोठा आहे ना, बघा. पहिल्या लेव्हलला १६ असेल तर तुमच्या स्पेलचा सेव्ह डीसी (स्पेलमधून वाचायला शत्रूला रोलवर गाठावा लागणारा आकडा) ८ अधिक प्रोफिशियन्सीचे (सरावाच्या बोनसचे) २ अधिक कॅरिस्माचे ३, म्हणजे १३. तिथे १४ टाकले असतील तर तो १२, आणि ती एकाची कमतरता प्रत्येक स्पेलला भोवते. त्याखाली डेक्स्टेरिटी (चपळपणा), मग कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा). दुसऱ्या लेव्हलपासून ‘जॅक ऑफ ऑल ट्रेड्स’ मिळतं, म्हणजे ज्यात प्रोफिशियन्सी नाही त्या चेकलाही तिचा निम्मा बोनस. २०१४ च्या नियमात तो इनिशिएटिव्हलाही (लढाईत कोण आधी, त्या रोललाही) लागतो. जवळजवळ प्रत्येक शीटवर हे राहून गेलेलं मी पाहिलंय. रिकाम्या स्किलपुढे पेन्सिलने +१ लिहून टाका, संपलं.

म्हशी चार, दावं एकच

आमच्याकडे फार्मसीच्या पहिल्या वर्षाची एक मुलगी बार्ड घेऊन आली. तिचे चार स्पेल: फेअरी फायर, हिरोइझम, बेन आणि टाशाज हिडियस लाफ्टर. एकेक स्पेल पारखून घेतलेला, तिने आदल्या रात्री बसून वाचलेला. तरी लढाईत सगळं विस्कटायचं. ती फेअरी फायर टाकायची, पुढच्या टर्नला मित्र अडचणीत दिसला की हिरोइझम टाकायची, की पहिला विझायचा. चारही स्पेलना कॉन्सन्ट्रेशन लागतं आणि ते एका वेळी एकाच स्पेलवर ठेवता येतं. गोठ्यात म्हशी चार आणि दावं एकच, अशी गत. तिला वाटत होतं आपल्याला डाव कळत नाही. डाव तिला छान कळत होता, यादी चुकली होती.

तपासणी अशी: प्रत्येक स्पेलपुढे, त्याला कॉन्सन्ट्रेशन लागत असेल तर, ‘क’ लिहा. निम्म्याहून जास्त ‘क’ निघाले तर बदल करा. मी नव्या बार्डला बहुतेक वेळा हीलिंग वर्ड, डिसोनन्ट व्हिस्पर्स, फेअरी फायर आणि लढाईबाहेर कामाला येणारा डिसगाइज सेल्फ सुचवते. यात ‘क’ एकच. फेअरी फायर वीस फुटांच्या घनात पसरतो. ज्यांचा डेक्स्टेरिटी सेव्ह फसला त्यांच्यावर वार करणाऱ्या सगळ्यांना अ‍ॅडव्हान्टेज, म्हणजे दोन डी२० टाकून मोठा घ्यायचा. एक स्पेल आणि चार मित्रांचे वार सुधारले.

पण तो टिकवावा लागतो. तुम्हाला मार बसला की कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह, डीसी १० किंवा लागलेल्या माराच्या निम्मा, जो जास्त तो. म्हणून कॉन्सन्ट्रेशनचा स्पेल टाकला की खांबाआड व्हा. हा पळपुटेपणा नाही. चामड्याचं चिलखत घालून पुढे उभं राहणारा बार्ड स्वतःचा जीव आणि मित्रांचं अ‍ॅडव्हान्टेज दोन्ही एकदम पणाला लावतो. पाचव्या लेव्हलला हिप्नॉटिक पॅटर्न घेतलात तर आणखी एक काळजी: त्यात अडकलेला शत्रू मार बसताच भानावर येतो. आधी मित्रांना मोठ्याने सांगा, “त्या तिघांना हात लावू नका.” नाहीतर बार्बेरियन पहिला तिथेच घुसतो.

चुकलेली यादी सुधारायला वेळ लागतो, कारण २०१४ चा बार्ड लेव्हल वाढताना एकच स्पेल बदलू शकतो. माझ्या टेबलावर तिसऱ्या सेशननंतर प्रत्येक नव्या खेळाडूला एकदा सगळी यादी बदलायची मुभा आहे. हा पुस्तकातला नियम नव्हे, माझा घरचा. तुमच्या डीएमला विचारून बघा, बहुतेक हो म्हणतील.

बोनस अ‍ॅक्शन एकच असते

इन्स्पिरेशनलाही बोनस अ‍ॅक्शन, हीलिंग वर्डलाही बोनस अ‍ॅक्शन. एका टर्नला एकच. दोन्ही करणारे बार्ड मी पाहिलेत आणि नियम कळल्यावर त्यांचे पडलेले चेहरेही. शिवाय बोनस अ‍ॅक्शनने हीलिंग वर्ड टाकला तर त्या टर्नला अ‍ॅक्शनने फक्त कॅन्ट्रिप (व्हिशस मॉकरीसारखा स्लॉट न लागणारा स्पेल) टाकता येतो, डिसोनन्ट व्हिस्पर्स नाही.

स्लॉट लवकर संपायचं कारण बहुतेक इथेच असतं. बार्डला पार्टीचा डॉक्टर करून टाकतात. हिशोब करा: हीलिंग वर्ड १डी४ अधिक ३, सरासरी साडेपाच. ओगर या राक्षसाच्या एका सोट्याची सरासरी १३. तुम्ही वाटीने भरताय आणि तो बादलीने उपसतोय. तेव्हा मित्राचा जीव, म्हणजे हिट पॉइंट, शून्यावर जाईपर्यंत थांबा. शून्यावर गेला की हीलिंग वर्ड, साठ फुटांवरून. तो उठतो, त्याचा टर्न वाचतो, आणि तेवढ्यासाठीच तो स्पेल सोन्यासारखा आहे. तोवर ओगरचा मार कमी करा. ओगरचा विझडम (समज) ७, म्हणजे सेव्हला उणे २. व्हिशस मॉकरी त्याला बऱ्याचदा लागतो, मग त्याच्या पुढच्या वाराला डिसअ‍ॅडव्हान्टेज, आणि तुमचा स्लॉट शाबूत.

दुसऱ्याच्या टर्नकडे बघा

इथवर काही साधं निघालं नसेल तर दुखणं नजरेचं आहे. मला सगळ्यात जास्त वेळ याच तपासणीवर घालवावा लागतो.

बँकेत नोकरी करणारा एक मुलगा आमच्यात खेळायचा. तिसऱ्या रविवारी तो वही घेऊन आला आणि म्हणाला, “ताई, हे बघा. फायटरचं डॅमेज, चोराचं डॅमेज, माझं डॅमेज. मी नसतो तरी चाललं असतं.” मी त्याला वहीत आणखी एक रकाना पाडायला सांगितला: माझ्यामुळे झालेलं.

त्याच दुपारी दरोडेखोरांचा म्होरक्या फायटर आणि चोर यांच्या मधोमध सापडला होता. बार्डने त्याच्यावर डिसोनन्ट व्हिस्पर्स टाकला. विझडमचा सेव्ह फसला. या स्पेलचं वैशिष्ट्य असं की ३डी६ मार तर बसतोच, पण समोरच्याला आपली दुसऱ्याच्या टर्नलाही करता येणारी झटपट कृती, म्हणजे रिअ‍ॅक्शन खर्चून दूर पळावंही लागतं. तो स्वतःच्या पायांनी पळतो, म्हणून शेजारच्यांना त्याच्यावर अपॉर्च्युनिटी अटॅक (निसटणाऱ्यावर फुकटचा वार) मिळतो. फायटरने एक ठेवून दिला. चोराने दुसरा, आणि त्याचा स्नीक अटॅक (चोराचा जादा मार) लागू झाला, कारण तो दर टर्नला एकदा असतो आणि हा टर्न चोराचा नव्हताच, बार्डचा होता. म्होरक्या दारापर्यंत पोचला नाही. त्या मुलाने स्वतःच्या रकान्यात व्हिस्पर्सचा आकडा लिहिला आणि नव्या रकान्यात इतकं लिहिलं की खाली जागा पुरेना.

बार्ड घेणारा प्रत्येक जण मनातून शाहीर होऊन येतो. हातात डफ, सगळ्यांच्या नजरा आपल्यावर. आपल्या जिल्ह्यात हे स्वप्न पडणं साहजिक आहे. पठ्ठे बापूराव रेठरे हरणाक्षचे, अण्णाभाऊ साठे वाटेगावचे, दोन्ही गावं वाळवा तालुक्यातली. पण पोवाडा उभा राहताना मागे बघा. तिथे झीलकरी असतात. शाहिराची ओळ संपते तिथे ते “जी जी” करत ती झेलतात, तेवढ्यात शाहीर दम घेतो आणि पुढची ओळ चढ्या आवाजात येते. झील ढिली पडली तर शाहीर कितीही खणखणीत असो, तिसऱ्या कडव्याला धापा टाकतो. नियमांनी बार्डला झीलकरी केलंय. म्हणून तर इन्स्पिरेशन स्वतःला देता येत नाही.

हे पटलं की खेळताना काय बदलतं? आपला टर्न संपला तरी बार्डवाला फोन उचलत नाही. कोण शत्रूला खेटून उभा आहे, कोण शून्याच्या जवळ आलाय, कोणाच्या हातात हळकुंड आहे, एवढं बघत राहतो. कॉलेज ऑफ लोर असेल तर तिसऱ्या लेव्हलपासून ‘कटिंग वर्ड्स’ मिळतं: साठ फुटांतल्या शत्रूच्या वारातून, चेकमधून किंवा डॅमेजमधून आपला इन्स्पिरेशन डाइस वजा करायचा, रिअ‍ॅक्शनने. म्हणजे बार्डचा नेमका घाव शत्रूच्या टर्नला पडतो, आणि तेव्हा तुम्ही दुसरीकडे बघत असाल तर ती संधी कोणी आठवण करून देत नाही. हे अंगवळणी पडायला तीन-चार सेशन लागतात. घाई करू नका.

जीभ अडकते तेव्हा

गाता येण्याची काही गरज नाही. इन्स्पिरेशन शब्दांनी किंवा संगीताने द्यायचं असतं, ऐकू गेलं की झालं. वाद्य तुमच्या बार्डने वाजवायचं, तुम्ही नाही. “माझा बार्ड त्याला आजीला दिलेल्या शब्दाची आठवण करून देतो” एवढं बोललात तरी काम झालं.

आमच्या टेबलावर मात्र अडचण निघाली ती भाषेची. पुस्तक इंग्रजी, म्हणून पोरं टोमणेही इंग्रजीत शोधायची आणि सापडेपर्यंत गप्प बसायची. तासगावकडचा एक मुलगा दोन सेशन असाच घुम्यासारखा बसला. शेवटी मी म्हटलं, “अरे, तुझ्या गावच्या बोलीत बोल.” समोर गोब्लिन होता. पोरगं त्याच्याकडे बघून म्हणालं, “तलवार धरलीया का ऊस तोडायचा कोयता? आन् त्यो बी उलटा!” सगळं टेबल हसलं आणि गोब्लिनचा सेव्ह फसला. नियमातही हे बसतं. व्हिशस मॉकरीला समोरच्याने ऐकणं पुरतं, त्याला भाषा कळली पाहिजे अशी अट नाही.

ज्या गावात विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ उभं केलं तिथे तर हे अवघड वाटू नये. त्या नाटकांत सूत्रधार पदं म्हणायचा आणि पात्रं त्या अंगाने आपली भाषणं आयत्या वेळी करायची. पदं ठरलेली, बोलणं उत्स्फूर्त. तमाशातली बतावणीही ऐकताना आत्ता सुचल्यासारखी वाटते, पण तिचा सांगाडा पक्का असतो. तसंच करा. घरून चार ओळी आणा: दोन धीर देणाऱ्या, एक अनोळखी माणसाला राम राम घालायची, एक हरल्यावर म्हणायची. टोमणा घरून आणू नका. शत्रूने या क्षणी जे केलं त्यावरच तो बोला, म्हणजे शिळा होत नाही. पाय घसरला, दार चुकला, म्होरक्याकडे बघून वार केला, काहीही.

टोमणा कृतीवर असावा. रंग, अंगकाठी, जात, बाई-पुरुष यावर माझ्या टेबलावर कोणी बोलत नाही, कारण गोब्लिन खोटा असला तरी शेजारी बसलेला माणूस खरा असतो. दिसेल त्याच्याशी लगट करणारा बार्ड हीसुद्धा अशीच एक वाईट सवय. ज्यांच्यासोबत बसायचंय त्यांना आधी विचारा. एकानेही नको म्हटलं तर नको.

उलटं लक्षण, म्हणजे बार्ड एकटाच बोलतो, ते त्यामानाने लवकर सुटतं. गाव बार्बेरियनचं असेल तर पाटलाशी त्यालाच बोलू द्या. तुम्ही ‘हेल्प’ करा, त्याला अ‍ॅडव्हान्टेज मिळतं, वर एक हळकुंड द्या. झील झेला.

डीएमशी बोलणं

कधी कधी बार्डमध्ये खोट नसते, गोष्टीत असते. व्हिशस मॉकरीला आणि कटिंग वर्ड्सला ऐकणारा शत्रू लागतो, आणि जो चार्म होऊ शकत नाही, म्हणजे जादूने भुलत नाही, त्याच्यावर कटिंग वर्ड्स चालतच नाही. स्टोन गोलेमला (जादूने चालणाऱ्या दगडी पुतळ्याला) सायकिक, म्हणजे मनावरचा, मार लागत नाही आणि तो चार्मही होत नाही. चार रविवार गोलेमच समोर आले तर बार्ड हातावर हात ठेवून बसणारच. अशा वेळी शत्रूचा नाद सोडून मित्रांवर स्पेल टाका, हिरोइझम, इन्व्हिजिबिलिटी. तरी भागत नसेल तर डीएमच्या कानावर घाला, सेशननंतर, एकट्यात.

दुसरी गोष्ट शॉर्ट रेस्टची. एका कॅम्पेनमध्ये मी गोष्ट इतकी पळवली की पाचव्या लेव्हलनंतरही पार्टीला तासभर टेकायला मिळालं नाही, आणि आमचा बार्ड दर सेशनला दुसऱ्या लढाईत कोरडा पडत होता. चूक माझी होती. त्याने दोन महिने सांगितलं नाही, कारण डीएमला कसं सांगायचं असं त्याला वाटत होतं. सांगा. आम्हाला पडद्याआडून सगळं दिसत नाही.

कुठे थांबायचं आणि कोणाकडे जायचं

हे सगळं करून तीन सेशन झाले आणि खेळाडूला अजूनही पुढे होऊन घाव घालायचीच ओढ वाटत असेल, तर बार्ड दुरुस्त करणं थांबवा. आधी कॉलेज ऑफ व्हॅलर बघा, त्यात मध्यम चिलखत, ढाल आणि सहाव्या लेव्हलला दुसरा वार मिळतो. तेही नको असेल तर पॅलाडिन (शपथ घेतलेला योद्धा) घ्या, त्याचेही स्पेल कॅरिस्मावरच चालतात. क्लास बदलण्यात कमीपणा नाही. नियमावरून वाद पाच मिनिटांत मिटला नाही तर डीएम सांगेल ते धरून खेळ पुढे न्या, पुस्तक घरी जाऊन उघडा.

टेबलावर वातावरणासाठी कोणी घरातली जुनी सतार किंवा तंबोरा आणला आणि तो नीट बोलत नसेल, तर कानशीने तारांखालची घोडी घासायच्या फंदात पडू नका. जवारी काढणं, म्हणजे घोडी घासून तारांचा नाद जुळवणं, हे वर्षानुवर्षांच्या हाताचं काम आहे. शेजारी मिरज आहे. तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते या हातांमुळेच. वाद्य तिथल्या कारागिराकडे द्या.

चार-चार तास राक्षसाचे आवाज काढून घसा बसतो. पाणी, विश्रांती आणि एक रविवार सुट्टी एवढ्याने तो सुटायला हवा. तीन आठवड्यांत सुटला नाही, किंवा गिळताना दुखलं, थुंकीत रक्त दिसलं, तर काढे बंद करून कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा.

आणि एक दुखणं डीएमने हात लावायचं नसतं. आमच्याकडची एक मुलगी, छान बोलणारी, हळूहळू गप्प होत गेली. हळकुंडं पुढ्यात तशीच पडून राहायची. मी आधी यादी तपासली, आकडे तपासले. मग लक्षात आलं की ती डबाही उघडत नाही, झोप नाही म्हणते, खेळ संपला तरी उठत नाही. तेव्हा बार्डबद्दल विचारणं मी सोडून दिलं. तिच्या मोठ्या बहिणीशी बोलले आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक दोघींना दिला. पुढे समुपदेशकाकडे जाणं सुरू झालं. तिची खुर्ची आम्ही कोणाला दिली नाही.

दोन महिन्यांनी ती आली. बार्ड नको म्हणाली, फायटर घेतला. नव्या बार्डवाल्याने पहिल्या लढाईत पहिलं हळकुंड उचललं आणि तिच्या तळहातावर ठेवलं.